रक्ताला आधी गार पाणी

हॉस्पिटलच्या लाँड्रीत ताईला सव्वीस वर्षं झाली होती, पण वरच्या वॉर्डांत तिने कधी पाय ठेवला नव्हता. वॉर्डातली माणसं तिला माहीत होती ती चादरींवरून. कोण घामाने निथळलं, कोणाच्या हातून औषध सांडलं, कोण नुसतंच तळमळत पडलं, हे गाठोडं सोडलं की कळायचं. तोंडं मात्र दिसायची नाहीत. "तेच बरंय," ती म्हणायची. "तोंडं पाहिली असती तर सव्वीस दिवस टिकले नसते."

घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. तिचा नवरा लग्नाला नऊ वर्षं होतात न होतात तोच गेला. भावाने लग्नच केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "एका बाईची बोलणी खातोय तेवढी पुरेत." तो वेल्डर होता आणि सगळे त्याला ठिणग्या म्हणायचे. थोडं कामामुळे, बरंचसं जिभेमुळे. त्याचा एकही शर्ट धड नव्हता, छातीवर बारीक बारीक जळकी भोकं. त्याच्या जळक्या वासाची ताईला इतकी सवय झाली होती, की सुट्टीच्या दिवशी घर ओकंओकं वाटायचं. तिच्या अंगाला साबणाचा वास, त्याच्या अंगाला लोखंडाचा. दोघं संध्याकाळी टेबलाशी समोरासमोर बसायचे आणि दिवसभराचा शीण एकमेकांवर काढायचे.

दुखणं अंगावर काढायची दोघांनाही खोड. पण ठिणग्या त्यात ताईच्या दोन पावलं पुढे.

एका संध्याकाळी तो कामावरून आला तो दात वाजवतच. दोन रजया घातल्या, तरी खाट खडखडत होती. छातीत उजव्या बाजूला कळ येत होती, श्वास अर्ध्यावरच अडत होता. खोकला आला तेव्हा त्याने रुमाल तोंडाला धरला आणि घाईघाईने उशीखाली सरकवला. ताईने तो ओढून काढला. तांबूस तपकिरी डाग.

"हे काय?"

"गंज," ठिणग्या म्हणाला. "आज दिवसभर जुनी फाटकं घासत होतो. लोखंड आत गेलं, लोखंड बाहेर आलं."

सव्वीस वर्षांत ती दुसरं काही शिकली नसेल, डाग मात्र शिकली होती. तिने रुमाल नळाखाली धरला. गंज पाण्याला दाद देत नाही, कापडाला चिकटून बसतो. हा डाग गुलाबी होऊन मोरीत वाहून गेला.

सकाळी तिने त्याला हॉस्पिटलात नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः ओढत नेलं. तिथे फोटो निघाला, रक्त तपासायला गेलं, हाताला सलाईन लागली. न्यूमोनिया होता, आणि नुसता छातीत नव्हता, जंतू रक्तातही उतरले होते. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण हात शांत. त्यांनी ठिणग्याचा सदरा वर केला आणि पोटावरच्या लांब व्रणावर बोट ठेवलं.

"हा कसला?"

"चोवीस वर्षांचा होतो. परांचीवरून पडलो. आत प्लीहा फुटली होती, काढून टाकली. तेव्हापासून काही अडलं नाही बघा."

"आता अडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्लीहा म्हणजे रक्तावरचा पहारेकरी. तो नसला की काही जंतूंना रान मोकळं. त्यांतला हा पहिल्या नंबरचा, न्यूमोकोकस. याच्यासाठी लस असते. तुम्ही कधी घेतली होती?"

ठिणग्याने ताईकडे पाहिलं. ताईने जमिनीकडे.

तेव्हा, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, घरी सोडताना एक कागद मिळाला होता. लस घ्या, काही वर्षांनी पुन्हा दाखवायला या, ताप आला तर थांबू नका. ताईनेच तो वाचून कपाटात ठेवला होता. ठिणग्या तेव्हा म्हणाला होता, "सुईला कोण घाबरतं? जाईन की." आणि मग काम, मग नवऱ्याचं आजारपण, मग आणखी काही. कागद कपाटासकट कुठल्याशा घरी राहून गेला. आणि आता लस टोचायची खोली लाँड्रीच्या समोरच होती, अंगण ओलांडलं की वीस पावलांवर. तिथले पडदे दर महिन्याला ताईच धुवायची. त्या वीस पावलांचा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

औषधाने ताप उतरला. चौथ्या दिवशी ठिणग्या उठून बसला, पाचव्या दिवशी तोंड सुटलं. शेजारच्या रोग्याला घोरण्यावरून बोलला, नर्सला सुई धरण्यावरून बोलला, आणि सहाव्या दिवशी घरी जायला निघाला.

"रक्तात जंतू सापडलेत," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "अजून इंजेक्शनं हवीत, छातीचा आणखी एक तपास करायचाय. लवकर जाऊ नका."

"कारखान्यात जिन्याचं काम अर्धवट लटकलंय. कोणी पाय ठेवला तर तो जाईल वर. म्हणजे खाली."

"आणि तुम्ही?"

"मी ठणठणीत आहे."

ताईने समजावलं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. खरं सांगायचं तर तिने फारसं समजावलंही नाही. सहा दिवस सकाळची पाळी, मग वॉर्ड, मग घर, असं करून तिचे पाय सुजले होते. तो घरी आला तर निदान एक फेरी वाचेल, असं तिच्या मनात आलंच. त्याने स्वतःच्या जबाबदारीवर जातोय म्हणून सही केली, गोळ्यांची पिशवी घेतली आणि दोघं घरी आले.

नंतरच्या तीन आठवड्यांत काय झालं ते ताईला पुढे सांगता यायचं नाही, कारण मोठं असं काहीच झालं नाही. संध्याकाळी अंग कोमट. जेवण दोन घास. कारखान्यात गेला तो दुपारीच परत आला. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचा रंग न्याहाळायचा, जणू रंगाऱ्याची चूक काढतोय. ताई वैतागायची. आठ तास ओल्या चादरी उपसून यायचं आणि घरी खुर्चीत बसलेला माणूस बघायचा.

"बरा झालास म्हणालास ना? मग पाणी तरी भरून ठेवायचं होतंस."

"ठेवतो."

"कधी, मी मेल्यावर?"

तो उलट बोलला नाही. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं. ठिणग्या आणि गप्प!

एका पहाटे पाळीला निघताना तिने दिवा लावला, तर तो खाटेवर नव्हताच. टेबलाशी खुर्चीत बसून, हातांवर डोकं टेकून झोपला होता. "आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं," तो म्हणाला. "चार दिवस असाच बसून झोपतोय." घोटे भोपळ्यासारखे फुगले होते. तिने चहा ठेवला, कप त्याच्यासमोर सरकवला आणि बसली. आणि तिला दिसलं की तो मान हलवतोय. अगदी बारीक. हो, हो, हो.

"हो हो काय करतोस? मी काही विचारलंय का?"

"कोण करतंय?"

तो स्वस्थच बसला होता. मान आपसूक हलत होती, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा तिच्याच तालावर उसळत होत्या. आयुष्यभर कशाला हो न म्हणालेला माणूस प्रत्येक ठोक्याला हो म्हणत होता. ताईला त्या क्षणी भीती वाटली नाही. एवढंच वाटलं, की आता आज पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिने कप तसाच ठेवला, त्याच्या पायांत चपला सरकवल्या आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग पडद्यावर हृदय दाखवणाऱ्या खोलीत नेलं. ताईही आत गेली. राखाडी पडद्यावर काहीतरी उघडत होतं, मिटत होतं, आणि त्याच्या कडेला एक लोंबतं टोक फडफडत होतं, दोरीवर विसरलेल्या चिंधीसारखं.

"ते टोक दिसतंय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तातले जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेत. तिथे त्यांचा गठ्ठा झालाय आणि झडप कुरतडली गेलीय. पुढे ढकललेलं रक्त मागे परत येतंय, म्हणून मान हलते, म्हणून दम लागतो. न्यूमोनियातून असं फार थोड्यांना होतं. पण झालं की हा जंतू झपाट्याने खातो."

"हे त्याच वेळी कळलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी पडदा बंद केला. "राहिले असते तर कदाचित लवकर कळलं असतं. मीही आणखी अडवायला हवं होतं. त्या दिवशी वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या होत्या आणि मी थकले होते."

ताईला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. थकलेल्या माणसाला थकलेलं माणूस ओळखू येतं.

ऑपरेशन दोन दिवसांत करायचं ठरलं. गठ्ठ्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धं अंग जाईल, म्हणून थांबता येत नव्हतं. छाती उघडून कुरतडलेली झडप काढायची आणि धातूची बसवायची. सर्जन सांगायला आले. उंच, कमी बोलणारे. ठिणग्याने उशीला टेकून सगळं ऐकलं.

"धातूची, म्हणता. मग ती आत पकडून कशी ठेवता?"

"टाके घालतो. गोल कडेने."

"टाके तर आम्हीही मारतो. पण आमचे टाके फक्त वस्तू जागेवर धरायला. मग पुरा जोड लागतो, नाहीतर पहिल्याच धक्क्याला निखळतं."

"आमचं टाक्यांवरच भागतं," सर्जन म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "भरून काढायचं काम शरीर करतं."

ते गेल्यावर ठिणग्याने संमतीचा कागद बाजूला सारला. "मी नाही सही करणार."

"का?"

"पुरे झालं, ताई. बावन्न वर्षं वापरलंय, बरंच वापरलं. शंभरातले वीस-पंचवीस टेबलावरून उठत नाहीत, ऐकलंस ना? आणि उठलो तरी काय? मशीन उचलता यायचं नाही. खुर्चीत बसेन आणि तू आठ तास राबून येऊन मला भरवशील. त्यापेक्षा हे बरं."

ताई स्टुलावर बसली होती. तिला ठाऊक होतं की आता रडायचं असतं, शपथा घालायच्या असतात, आईचं नाव काढायचं असतं. तिने आत चाचपून पाहिलं. आत काहीच शिल्लक नव्हतं.

"हे बघ," ती म्हणाली. "मी पहाटे चारला उठलेय. तुला समजवायला माझ्या अंगात त्राण नाही. तू गेलास तर मी रडेन, दोन दिवस घरी बसेन आणि तिसऱ्या दिवशी कामावर जाईन. मग संध्याकाळी घरी येईन, आणि 'मुकादम आज काय म्हणाला' हे सांगायला समोर कोणी नसेल. तेवढंच. भरवायचं वगैरे जाऊ दे, मी तुला भरवणार नाही. मला तेवढा उत्साह नाही."

ठिणग्या तिच्याकडे बघत राहिला. मान हलतच होती, त्यामुळे तो पटून हो म्हणतोय की नुसताच, ते कळत नव्हतं.

"मुकादम काय म्हणाला आज?" त्याने शेवटी विचारलं.

"म्हणाला, चादरींच्या घड्या घालताना चारही कोपरे जुळले पाहिजेत. सव्वीस वर्षांनी मला शिकवतोय."

"गाढव आहे."

"आहेच."

त्याने पेन मागितलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला त्याला आत नेलं. सात-आठ तास लागतील, म्हणाले. बाकावर अर्धा तास बसल्यावर ताईच्या लक्षात आलं, की इथे बसलो तर आपणच आजारी पडू. ती खाली लाँड्रीत गेली, एप्रन बांधला आणि रोलरपाशी उभी राहिली. तिच्याबरोबर रोलरवर काम करणारी जोडीदारीण एक कोपरा धरायची, ही दुसरा. ओली चादर एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने गरम, कोरडी, ताठ बाहेर यायची. जोडीदारीण एरवी अखंड बडबड करायची. त्या दिवशी ती शब्दही बोलली नाही, आणि ताईला तिचे उपकार वाटले.

दुपारी अडीचच्या सुमारास वरून हिरवी गाठोडी आली. हिरवी म्हणजे ऑपरेशनची. गाडीवर खडूने मजला लिहिलेला होता, आणि त्या मजल्यावर हृदयाशिवाय दुसरं काही होत नव्हतं. वरून अजून निरोप आला नव्हता.

"तू सोड, मी बघते," जोडीदारीण म्हणाली.

"नको."

"अगं, कशाला? दुसऱ्या कोणाचंही असेल. सकाळपासून दोघांना घेतलंय वर."

"मग त्याचंही कोणीतरी वर वाट बघत बसलं असेलच की," ताई म्हणाली, आणि तिने हातमोजे घातले.

गाठ सोडली. कापड जड होतं. किती रक्त म्हणजे जास्त, हे तिला कळायचं. एवढ्या वर्षांत अंदाज आला होता. पण आज तो अंदाज कुठेतरी पळाला होता. कधी वाटायचं, एवढं तर नेहमीचंच. कधी वाटायचं, एवढं गेल्यावर माणसात उरेल काय? नवीन आलेल्या बायकांना ती पहिल्या दिवशी शिकवायची ती गोष्ट हातांनी आपणहून केली. रक्ताला आधी गार पाणी. गरम घातलंत की डाग शिजतो, जन्मात निघत नाही. तिने गार पाणी सोडलं. पाणी लाल झालं, मग तांबूस, मग फिकट. ती हौदाच्या काठाशी उभी राहून पाणी बदलत राहिली, चार वेळा, पाच वेळा, तिच्या हातांना बधिरी येईपर्यंत. ही तिची प्रार्थना होती असं कोणी म्हटलं असतं तर ती हसली असती. तिला उभं राहायला काम हवं होतं, बस.

सव्वातीनला डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. लाँड्रीत डॉक्टर आलेला कोणी पाहिला नव्हता. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी ताईचा ओला हात धरून तिला अंगणात नेलं.

"झडप बसली. हृदय आपलं आपण चालू झालं."

"बरा होईल?"

"आजचा दिवस गेला. उद्याचं उद्या. पण चाललंय."

ताईने मान डोलावली आणि ती तिथेच पायरीवर बसली. जोडीदारीण बाहेर आली, तिने मागून ताईच्या एप्रनची गाठ सोडली आणि एप्रन घेऊन आत गेली.

पुढचे सहा आठवडे इंजेक्शनांचे. ठिणग्या वाळून काटकी झाला. एकदा पुन्हा ताप चढला, एकदा रक्ताची बारीक गुठळी मेंदूत गेली, दोन दिवस जीभ जड पडली आणि शब्द सापडेनात. बोलणं मात्र हळूहळू सुटलं. उजव्या हाताच्या बोटांतली पकड पुरती परत आली नाही. छातीतली झडप टिकटिक करायची. शेजारचा रोगी म्हणाला, "घड्याळ जरा बंद ठेवता का?" ठिणग्या म्हणाला, "ठेवतो, पण मग मला पोहोचवायला यावं लागेल." त्या दिवशी ताईला वाटलं, आला परत. घरी सोडण्याआधी लस टोचणारी नर्स वर वॉर्डातच येऊन गेली. त्याने मुकाट्याने दंड पुढे केला.

मशीन त्याने पुन्हा धरलं नाही. कारखान्याच्या मालकांनी त्याला मापं घ्यायला आणि दुसऱ्यांचे जोड तपासायला अर्धा दिवस बोलावलं. तो जायचा, खुर्चीवर बसून सगळ्यांच्या चुका काढायचा. कधी काम आवडायचं, कधी घरी येऊन बोटांकडे बघत बसायचा आणि ताईशी बोलायचा नाही. जिना चढताना तो अजूनही मध्ये थांबायचा. पण आता थांबला की "दम लागलाय" म्हणून सांगायचा.

हे सगळं मार्गी लागल्यावर ताई पडली. रोग असा काही नव्हता. एका शुक्रवारी कामावरून आली, चपला काढल्या आणि खाटेवर बसली ती उठेचना. "पाच मिनिटं टेकते," म्हणाली. शनिवारी उजाडलं तरी ती झोपलेलीच. ठिणग्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. त्याने नाकासमोर बोट धरून श्वास पाहिला. ठीक होता. त्याने डाव्या हाताने चहा केला, अर्धा ओट्यावर सांडला, उरलेला स्वतःच प्याला.

दहा वाजता मुकादमाचा फोन आला.

"ताई कुठेत? इथे गाड्या तुंबल्यात."

"झोपलीय."

"आजारी आहेत का?"

"नाही. झोपलीय."

"मग उठवा की!"

ठिणग्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला. ताईचं तोंड उघडं होतं, एक हात खाटेखाली लोंबत होता, बोटांची टोकं सव्वीस वर्षांच्या पाण्याने सुरकुतलेली. त्याने तो हात उचलून पांघरुणात घातला.

"नाही उठवणार," तो हळू आवाजात म्हणाला. "चादरींचे कोपरे आज तुम्हीच जुळवा."